उत्तर माहीत नसलेला प्रयोग

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवर पीएच.डी.चे दोन विद्यार्थी एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते. पश्चिमेला बर्कलीत स्टुअर्ट फ्रीडमन, पूर्वेला हार्वर्डमध्ये रिचर्ड होल्ट. बेलफास्टमध्ये जन्मलेल्या जॉन बेल यांनी १९६४ साली तो प्रश्न मांडून ठेवला होता. एकाच अणूतून दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे दोन कण, विरुद्ध दिशांना निघाले आणि दूर गेल्यावर दोघांचं ध्रुवीकरण तपासलं, तर त्यांच्यात मेळ दिसतो. तो मेळ निघतानाच ठरलेला असेल, तर तो जास्तीत जास्त किती असू शकतो याला मर्यादा आहे, हे बेल यांनी गणिताने दाखवलं. पुंजभौतिकीचं, म्हणजे क्वांटम भौतिकीचं, भाकीत असं की ती मर्यादा मोडते. आइन्स्टाइन आणि बोर यांच्यातला याच मुद्द्यावरचा, वर्षानुवर्षं नुसता चर्चेत राहिलेला वाद आता टेबलावर मांडून मोजता येणार होता.

फ्रीडमन यांनी जॉन क्लॉझर या तरुण संशोधकाबरोबर कॅल्शियमचे अणू वापरले. ध्रुवीकरण तपासणारे पोलरायझर म्हणजे काचेच्या पातळ तावांच्या चळती होत्या, त्याही घरीच जुळवलेल्या. दोन्ही बाजूंचे डिटेक्टर एकाच क्षणी वाजले तर ती जोडी धरायची. अशी जोडी सेकंदाला एकसुद्धा पदरात पडत नव्हती, त्यामुळे मोजणी चालली सुमारे २०० तास. १९७२ साली निकाल छापून आला : मर्यादा मोडते.

होल्ट यांनी फ्रान्सिस पिपकिन यांच्या हाताखाली पाऱ्याचे अणू घेतले. त्यांच्या आकड्यांत मर्यादा शाबूत राहिली. पुंजभौतिकी चूक ठरत होती. एवढा मोठा निकाल हाती आल्यावर कुणीही धावत जाऊन जाहीर केला असता. या दोघांनी तसं केलं नाही. कुठे गफलत झाली का, हे ते शोधत राहिले आणि ती सापडेना. १९७३ साली होल्ट यांनी मिळाले तेच आकडे प्रबंधात घालून पदवी घेतली. निकालाचं टिपण ओळखीच्या संशोधकांत फिरलं, पण नियतकालिकात छापायला त्यांनी दिलं नाही. १९७६ साली क्लॉझर यांनी पाऱ्याचाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा उत्तर पुंजभौतिकीच्या बाजूने आलं. हार्वर्डच्या प्रयोगात पारा ज्या काचेच्या फुग्यात होता त्या काचेत ताण होता, आणि ताणलेली काच प्रकाशाचं ध्रुवीकरण हलकंसं फिरवते, असा निष्कर्ष मागाहून निघाला.

२०२२ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल क्लॉझर, फ्रान्सचे अलाँ अस्पे आणि ऑस्ट्रियाचे आंतोन त्सायलिंगर यांना मिळालं. फ्रीडमन २०१२ सालीच वारले होते. होल्ट यांचं नाव या विषयाचा इतिहास वाचणाऱ्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. पण प्रायोगिक क्वांटम भौतिकीत पीएच.डी. करणं म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायचं तर होल्ट यांचा प्रबंध जास्त उपयोगाचा आहे. उत्तर ‘चुकलेलं’ असूनही तो खरा प्रबंध होता.

जर्नल पूर्ण, रीडिंग बरोबर

आपल्याकडे बी.एस्सी. भौतिकशास्त्र केलेल्या कुणालाही न्यूटन्स रिंग्ज आठवत असतील. सोडियमचा पिवळा दिवा, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी वर्तुळं, त्यांचे व्यास, त्यावरून तरंगलांबी. उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉमच्या आसपास यायला हवं, हे सर्वांना आधीच माहीत. ते ६४०० आलं तर काय होतं, हेही सर्वांना माहीत. शेजारच्या बॅचचं जर्नल उघडलं जातं, नाहीतर उत्तरापासून उलटं गणित करून रीडिंग ‘बसवलं’ जातं. लाल शाईची सही मिळते, परीक्षेत गुण मिळतात. ६४०० का आलं, हा प्रश्न तिथेच राहतो. त्यात एखादं वर्तुळ मोजताना वगळलं गेलं होतं, की काचेच्या भिंगाखाली धूळ होती, याचा शोध घ्यायला ना वेळ असतो, ना कुणी विचारतं.

याच वाटेने आलेली मुलं सी.एस.आय.आर.-नेट, गेट किंवा जेस्ट पार करून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पवईच्या आय.आय.टी.त, पुण्याच्या आयसरमध्ये, बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत किंवा अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत दाखल होतात. प्रवेश परीक्षा गणितं सोडवण्याची ताकद नीट तपासते. रीडिंगशी प्रामाणिक राहण्याची सवय मात्र कुठलीच परीक्षा तपासत नाही. ती प्रयोगशाळेतल्या टेबलावर लागते, आणि तिला वर्षं लागतात.

टेबलावर

हे टेबल म्हणजे पोलादाचा जाड, आतून पोकळ ठोकळा. त्याला २५ मिलिमीटरच्या अंतराने आटे पाडलेली भोकं असतात आणि खाली दाबलेल्या हवेचे पाय, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी हादरा वर पोचू नये. टेबलाच्या एका टोकाला ४०५ नॅनोमीटरचा जांभळा डायोड लेसर. त्याच्या वाटेत बेरियम बोरेटचा, सगळे बी.बी.ओ. म्हणतात तो, काही मिलिमीटर जाडीचा पारदर्शक स्फटिक. त्यात शिरणाऱ्या जांभळ्या फोटॉनांपैकी एखाद्याचे दोन तुकडे होतात, प्रत्येकी ८१० नॅनोमीटरचे, निम्म्या ऊर्जेचे. ही झाली एन्टँगल्ड, म्हणजे एकमेकांत गुंतलेली, जोडी तयार करण्याची आजची सर्वांत रुळलेली पद्धत. एक मिलिवॉटच्या लेसरमधून दर सेकंदाला दोनावर पंधरा शून्यं इतके फोटॉन निघतात. त्यांतून डिटेक्टरपर्यंत काही हजार जोड्या पोचल्या तरी दिवस चांगला गेला.

अडचण अशी की ८१० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि एकेक फोटॉन तर दिसण्याचा प्रश्नच नाही. तो नेऊन घालायचा असतो ऑप्टिकल फायबरच्या गाभ्यात, ज्याचा व्यास असतो पाचेक मायक्रॉन. म्हणून आधी वाट उलटी चालावी लागते. फायबरच्या दुसऱ्या टोकातून दिसणारा लेसर सोडायचा, तो स्फटिकावर कुठे पडतो ते पाहायचं आणि जांभळ्या किरणाच्या ठिपक्याशी जुळवायचा. मग दोन आरसे आणि दोन आयरिस, म्हणजे लहानमोठं करता येणारी छिद्रं. पहिल्या आरशाच्या स्क्रूने किरण जवळच्या छिद्रात आणायचा, दुसऱ्याच्या स्क्रूने लांबच्या. दुसरा जुळवला की पहिला सुटतो. पुन्हा पहिला. दर फेरीला चूक थोडी कमी होते. यालाच अलाइनमेंट म्हणतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यात दिवस घालवावा लागतो, चौथ्या वर्षाचा बोलता बोलता करून टाकतो. कसं केलं, असं विचारलं तर त्याला नीट सांगता येत नाही.

त्यानंतर अंधार. एकेक फोटॉन मोजणारा सिलिकॉन डिटेक्टर खोलीतल्या ट्यूबलाइटने खराबसुद्धा होऊ शकतो. त्यामुळे काळे पडदे, काळी टेप. संगणकाच्या पडद्याला आडोसा, यंत्रांवरच्या लुकलुकत्या हिरव्या-लाल दिव्यांना चिकटपट्टी. एवढं करूनही लेसर बंद असताना डिटेक्टर वाजतच राहतो, कारण त्याच्या आतली उष्णताही अधूनमधून खोटी टकटक देते. याला डार्क काउंट म्हणतात. लॅबमध्ये सकाळी पहिला प्रश्न ‘काउंट किती?’ हा असतो. पण मुरलेला माणूस दुसरा प्रश्न विचारतो : ‘लेसर बंद केल्यावर किती?’

पुढची फसवणूक त्याहून गोड असते. दोन्ही डिटेक्टर काही नॅनोसेकंदांच्या आत वाजले तर ती जोडी, असं धरलं जातं. समजा, प्रत्येक डिटेक्टर सेकंदाला एक लाख वेळा वाजतो आणि खिडकी आहे पाच नॅनोसेकंदांची. तर एकमेकांशी काहीच संबंध नसलेले फोटॉनसुद्धा निव्वळ योगायोगाने सेकंदाला पन्नास वेळा एकत्र वाजतील. हे गणित न करता पडद्यावरचा आकडा पाहून खूश होणारा विद्यार्थी योगायोगालाच पुंजभौतिकी समजून बसलेला असतो.

याच टेबलावर शिकाऊ माणसाची खरी कसोटी पाहणारा एक प्रयोग आहे. हाँग, ऊ आणि मँडेल या तिघांनी तो अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात केला आणि १९८७ साली प्रसिद्ध केला. दोन एकसारखे फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर दोन बाजूंनी एकाच क्षणी आले, तर ते नेहमी जोडीने एकाच बाजूला बाहेर पडतात. त्यामुळे दोन बाजूंचे डिटेक्टर एकत्र वाजणं थांबतं आणि आलेखात खड्डा पडतो. त्यासाठी दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी हवी. वाटेत १० नॅनोमीटर पट्ट्याचा फिल्टर असेल तर हा खड्डा साधारण ६५ मायक्रॉन रुंदीचा, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा. मोजपट्टीने वाटा जुळवल्या तर चूक मिलिमीटरची राहते. त्या मिलिमीटरभर पट्टीत मोटारचलित सरक्या ठोकळ्यावरचा आरसा काही मायक्रॉनांनी पुढे सरकवायचा, थांबायचं, मोजायचं, पुन्हा सरकवायचं. खड्डा दिसला नाही तर तो तिथे नाही, की आपण वेगाने ओलांडून गेलो, की दोन फोटॉनांचं ध्रुवीकरणच वेगळं आहे, की रात्री वातानुकूलन बंद पडून टेबल तापलं? प्रत्येक शक्यता वेगळी तपासावी लागते. इथे शेजारच्या बॅचचं जर्नल नसतं.

पाच वर्षांचं गणित

अस्पे यांचे गाजलेले प्रयोग १९८१-८२चे, तेही पॅरिसजवळच्या ओर्से इथे डॉक्टरेटसाठी केलेले. फ्रीडमन-क्लॉझर यांना २०० तास लागले. १९७६ साली टेक्सासमध्ये फ्राय आणि थॉम्पसन यांनी लेसर वापरून तीच मोजणी ८० मिनिटांत उरकली. आज तयार संच घेतला तर महाविद्यालयीन विद्यार्थीही एका दुपारी बेलची मर्यादा मोडलेली पाहू शकतात. पण मोजणी झटपट होते म्हणून पीएच.डी. झटपट होत नाही. जे दुपारी होतं त्यावर प्रबंध निघत नाही. तो निघतो जे अजून कुणाला जमलेलं नाही त्यावर, आणि त्यासाठी बहुतेक वेळा यंत्रच आधी बांधावं लागतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. फेलोशिप साधारण पाच वर्षांची : जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं. पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर ७०,०००पासून ८०,०००पर्यंत. पहिलं वर्ष जातं कोर्सवर्कमध्ये. दुसऱ्या वर्षी मागवलेला लेसर येतो, किंवा येत नाही. या कामाचे बरेचसे सुटे भाग परदेशांतून येतात : निविदा, कोटेशन, सीमाशुल्क, मग चुकीच्या मापाचा आलेला माउंट. जून २०२५मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक उपकरणं सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरूनच घेण्याच्या बंधनातून संशोधन संस्थाप्रमुखांना मोकळीक दिली आणि कोटेशनविना थेट खरेदीची मर्यादा एका लाखावरून दोन लाखांवर नेली. नियम कोरडा वाटतो, पण पाच वर्षांच्या फेलोशिपमधले सहा महिने एका स्फटिकाची वाट पाहण्यात जाणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्याला त्याची किंमत कळते.

हा वाट पाहण्याचा काळ अगदीच वाया जातो असंही नाही. स्फटिक येईपर्यंत विद्यार्थी डिटेक्टरचं इलेक्ट्रॉनिक्स स्वतः जुळवतो, वर्कशॉपमधल्या फिटरकडून ॲल्युमिनियमचा माउंट करून घेतो, पायथनमध्ये मोजणीचा प्रोग्रॅम लिहितो. लेथवर काम करणाऱ्या माणसाशी मापांची भाषा बोलता येणं ही या क्षेत्रातली मोठी पात्रता आहे. ती मार्कशीटवर येत नाही आणि ती नसलेला माणूस लॅबमध्ये टिकत नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा थंड केलेल्या भागांवर दवासारखा साचतो, वीज गेली की तापमान जागेवर यायला तास जातात. कुठलं यंत्र बंद पडलं तर काय काय बिघडतं, हे मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला परदेशातल्या पुस्तकात सापडत नाही.

तरीही खरी अडचण पैशाची किंवा पावसाची नाही. पाचव्या वर्षी फेलोशिप संपत आलेली असते, गाइड निकालाची वाट पाहत असतात, घरून विचारणा सुरू झालेली असते, आणि आलेखावर एक हवाहवासा उंचवटा दिसू लागतो. रीडिंग ‘बसवण्याची’ जुनी सवय नेमकी याच वेळी डोकं वर काढते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथल्या एका नामांकित गटाने २०१८ साली ‘नेचर’मध्ये मायोराना नावाच्या अवस्थेचा पुरावा मिळाल्याचं जाहीर केलं. क्वांटम संगणकासाठी ते फार मोठं पाऊल ठरलं असतं. दुसऱ्या संशोधकांनी मूळ आकडे मागवून पाहिले, तेव्हा छापलेल्या आलेखांबाहेर राहिलेल्या आकड्यांनी वेगळंच चित्र दाखवलं. २०२१ साली लेख मागे घेतला गेला. चौकशी करणाऱ्या तज्ज्ञांनी मुद्दाम बनावट केल्याचा ठपका ठेवला नाही. त्यांचं म्हणणं असं की उत्साहाच्या भरात संशोधकांनी स्वतःचीच फसवणूक करून घेतली. हवं ते उत्तर आधीपासून मनात असलं की मोठमोठ्या लॅबलाही न्यूटन्स रिंग्जचं जर्नल व्हायला वेळ लागत नाही.

शून्य मोजण्याचा प्रयोग

उलट उदाहरण भारताशी जोडलेलं आहे. दोन फटींतून गेलेल्या प्रकाशाचे काळे-पांढरे पट्टे बारावीच्या पुस्तकात असतात. पुंजभौतिकीतला बॉर्नचा नियम सांगतो की फटी तीन केल्या तरी पट्टे फक्त दोन-दोन फटींच्या जोड्यांमुळे बनतात, तिन्ही फटींचा मिळून वेगळा असा वाटा शून्य असतो. उर्बशी सिन्हा यांनी कॅनडातल्या वॉटरलू इथे सहकाऱ्यांबरोबर हे तपासलं आणि २०१० साली ‘सायन्स’मध्ये निकाल छापला : वाटा असलाच तर अपेक्षित परिणामाच्या एक टक्क्याहूनही कमी. पुढे त्या बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत आल्या आणि तिथे फोटॉनांची प्रयोगशाळा उभी राहिली.

शून्य मोजणं सर्वांत अवघड. डिटेक्टर किंचित कमी-जास्त वाजला, एखादी फट हलकीशी सरकली, लेसरची ताकद तासाभरात थोडी बदलली, की शून्याच्या जागी काहीतरी दिसायला लागतं आणि दिसणाऱ्याला वाटतं की आपण पुंजभौतिकी मोडली. काही वर्षांनी सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच गणिताने दाखवलं की फटींमधून वेडेवाकडे जाणारे मार्ग धरले तर पुंजभौतिकीच्या चौकटीतही हा वाटा अगदी शून्य नसतो, अतिशय लहान असतो. मग मायक्रोवेव्ह वापरून तो मोजलाही गेला. म्हणजे आधी शून्य नीट मोजलं, मग त्या शून्यावर शंका घेतली, मग ती शंकाही मोजली. शिक्षण म्हणतात ते हेच.

औंढ्यापर्यंत

१९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली : ६,००३.६५ कोटी रुपये, मुदत २०२३-२४ ते २०३०-३१. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे, म्हणजे तितक्या क्वांटम बिटांचे, संगणक, उपग्रहामार्फत २,००० किलोमीटरवर सुरक्षित संदेशवहन अशी उद्दिष्टं ठेवली. चार केंद्रं ठरली, त्यांतलं क्वांटम संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईच्या आय.आय.टी.कडे आलं.

त्याच महिन्यात लायगो-इंडियालाही सुमारे २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंची गुरुत्वलहरींची वेधशाळा होणार आहे. तिचा फोटॉनांच्या या प्रयोगांशी संबंध काय, असं कुणी विचारेल. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी आरशांची हालचाल लेसरच्या प्रकाशाने मोजायची तर फोटॉनांच्या येण्यातला अनियमितपणाच आड येतो. हा गोंगाट यंत्राचा नाही, प्रकाशाच्या स्वभावाचा आहे. त्यावर उपाय म्हणजे ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश : एका बाजूची अनिश्चितता दाबायची, ती दुसऱ्या, आपल्याला नको असलेल्या बाजूला फुगू द्यायची. कार्लटन केव्हज यांनी १९८१ साली ही कल्पना मांडली. जर्मनीच्या जिओ-६०० वेधशाळेत ती २०१०मध्ये वापरात आली, अमेरिकेतल्या लायगोत २०१९पासून नियमित. मधल्या जवळपास तीस वर्षांत हॅनोव्हर, कॅनबेरा, मॅसॅच्युसेट्स इथल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांमागून प्रबंधांनी प्रकाशाची गळती टक्क्याटक्क्याने कमी केली. कारण वाटेत दहा टक्के प्रकाश वाया गेला, तर त्या जागी तेवढाच साधा गोंगाट शिरतो आणि दाबलेली अनिश्चितता पुन्हा वर येते.

औंढ्याच्या माळावर आरसे लागतील, तेव्हा ते जुळवणारे हात कुठून येणार? मंजूर झालेल्या पैशातून लेसर, डिटेक्टर, निर्वात नळ्या येतील. माणसं मात्र पाच-सहा वर्षांच्या हप्त्याने तयार होतात. एम.एस्सी. संपवून २०२६ साली पीएच.डी.ला लागलेली मुलगी बाहेर पडेपर्यंत मिशनची मुदत उलटून गेलेली असेल. म्हणजे या पैशातून घडणारी पहिली पूर्ण पिढी मिशन संपल्यानंतर कामाला येणार. त्या वेळी तिच्यासाठी लॅब, पगार आणि जागा उरतील का, हे आताच ठरवायला हवं. मिशनच्या अहवालात क्युबिट मोजले जातील. किती जण डार्क काउंट वजा करायला शिकले, हे कुणी मोजणार नाही.

सुरुवात मात्र २०३१ची वाट न पाहता करता येते, आणि ती करायची जागा तालुक्याच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. न्यूटन्स रिंग्ज राहू द्याव्यात. फक्त वर्षातून एक प्रयोग असा असावा, ज्याचं उत्तर सरांनाही माहीत नसेल, आणि गुण उत्तराला नव्हे तर चुकीच्या शोधाला मिळतील : ६४०० आलं, का आलं, हे तपासायला काय काय केलं, आणि शेवटी किती शंका शिल्लक राहिली. असा एक प्रयोग प्रामाणिकपणे केलेली मुलगी टेबलापाशी येईल तेव्हा तिला आरशाचे स्क्रू फिरवायला शिकवावं लागेल. स्वतःच्या आकड्यावर शंका घ्यायला शिकवावं लागणार नाही, आणि पाच वर्षांतली किमान दोन वर्षं तिथेच वाचतील.